सोलापूरचे विधि विद्यापीठ आणि खर्चाचे कलम

महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषद या दोन्ही सभागृहांच्या सन्माननीय सदस्यांस,



महाराष्ट्र विधानमंडळाने २०१४ साली महाराष्ट्र राष्ट्रीय विधि विद्यापीठ अधिनियम संमत केला आणि त्यान्वये मुंबई, नागपूर व औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे विधि विद्यापीठे स्थापन झाली. विधि विद्यापीठ म्हणजे केवळ कायद्याचे शिक्षण व संशोधन करणारी, स्वतःची पदवी स्वतः देणारी आणि दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठाशी संलग्न नसलेली संस्था होय. ही तिन्ही शहरे मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य पीठाची किंवा खंडपीठांची ठिकाणे आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून याच उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात काम करू लागले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांचा अनेक दशकांचा आग्रह फळाला आला. न्यायालय आले, मात्र या सहा जिल्ह्यांत राज्याने कायद्याने स्थापन केलेले विधि विद्यापीठ अद्याप उभे राहिलेले नाही. ते सोलापूर जिल्ह्यात स्थापन करणारे विधेयक आपण आणावे ही या पत्राची मागणी आहे आणि त्या विधेयकातील खर्चाचे कलम इतर सर्व कलमांपेक्षा अधिक काळजीने लिहिले जावे, हा तिचा गाभा आहे.

मागणी सोलापूरसाठीच का, या प्रश्नाचे पहिले उत्तर कायद्याच्या पुस्तकांतच आहे. भारतात जेथे जेथे राज्यघटना शिकवली जाते, तेथे समतेच्या हक्काच्या पहिल्या काही व्याख्यानांत सोलापूरचे नाव उच्चारले जाते. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, जिला सोलापूरकर जुनी मिल म्हणून ओळखतात, १९४९ साली बंद पडली आणि हजारो कामगारांची चूल त्या बंद दरवाजामागे अडकली. केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून आणि पुढे त्याच वर्षी संसदेत कायदा करून, या एकाच कंपनीचा कारभार जुन्या संचालकांकडून काढून सरकारने नेमलेल्या संचालकांकडे दिला. चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि एकाच कंपनीसाठी वेगळा कायदा करणे हा समतेच्या हक्काचा भंग आहे, असे प्रतिपादन केले. ४ डिसेंबर १९५० रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन अशा मताने ही याचिका फेटाळली. विशेष कारण असेल तर एकाच व्यक्तीला किंवा संस्थेला लागू होणारा कायदाही घटनेत बसू शकतो, कायदा वैध आहे असे गृहीतक असते आणि ते खोटे ठरवण्याचा भार आव्हान देणाऱ्यावर पडतो, ही तत्त्वे त्या निकालापासून पुढे असंख्य निकालपत्रांत उद्धृत झाली. गोष्ट तेथेच संपली नाही. द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात डिसेंबर १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच कायदा वेगळ्या आधारावर, म्हणजे भरपाई न देता मालमत्ता हिरावून घेतो म्हणून, अवैध ठरवला आणि अशा निकालांची परिणती १९५५ सालच्या चौथ्या घटनादुरुस्तीत झाली. एका शहरातील एका गिरणीच्या भोंग्याने प्रजासत्ताकाच्या घटनेची भाषा बदलण्यास हातभार लावावा, असे उदाहरण देशात फार थोडे सापडते.

या निकालांत भागधारकाचे म्हणणे नोंदवले गेले आणि सरकारचेही नोंदवले गेले. ज्यांच्या बेकारीमुळे कायदा करावा लागला, त्या कामगारांचा आवाज निकालपत्रांत अगदी दुरून ऐकू येतो. तो शोधण्यासाठी कामगार संघटनांची दप्तरे, मराठी, तेलुगू व कन्नड पत्रके, जिल्हा कचेरीतील कागद आणि गिरणगावातील कुटुंबांच्या आठवणी एकत्र आणाव्या लागतील आणि ते काम वर्षानुवर्षे करणारे पूर्णवेळ संशोधक लागतील. सोलापुरात दयानंद विधि महाविद्यालयाने अनेक वर्षे वकील घडवले आहेत आणि त्याबद्दल जिल्ह्याने कृतज्ञ असावे. परंतु अभिलेखागार, संशोधन ग्रंथालय आणि संशोधक अध्यापकांची पदे या गोष्टी कोणत्याही महाविद्यालयाच्या शुल्कातून उभ्या राहत नाहीत. त्या सार्वजनिक पैशातूनच उभ्या राहतात. याच शहराने १९३० साली मार्शल लॉ अनुभवला, म्हणजे नागरी प्रशासन बाजूला सारून लष्कराने चालवलेला अंमल पाहिला. त्याच काळातील घटनांवरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. कायदा कधी रक्षण करतो आणि कधी त्याच्याच नावाने माणूस मारला जातो, हे ज्या शहराच्या चौकातील या चौघांचे पुतळे सांगतात, तेथे कायद्याचे विद्यापीठ असणे हे केवळ भौगोलिक सोयीचे प्रकरण राहत नाही.

दुसरे उत्तर वर्तमानात आहे आणि ते श्रीपूरसारख्या गावातून अधिक स्पष्ट दिसते. माळशिरस तालुक्यातील हे गाव साखरेच्या कारखान्याभोवती वाढले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने येथे कारखानदारी आणली आणि आज येथील पांडुरंग सहकारी साखर कारखान्याच्या गळीत हंगामावर परिसराचे वर्ष मोजले जाते. नीरेच्या उजव्या कालव्याने या तालुक्याच्या शेतीला पाणी दिले आणि पाण्यामागोमाग ऊस आला. उसाबरोबर जो कायदा शेतकऱ्याच्या दारात आला, तो साधा नाही. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे कारखान्याने ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांत रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे ज्याला गावोगाव एफआरपी म्हणतात ती रक्कम, चुकती करावयाची असते; उशीर झाल्यास वार्षिक पंधरा टक्के व्याज द्यावयाचे असते; तरीही थकबाकी राहिली तर साखर आयुक्त महसुली वसुलीचा दाखला काढतात आणि जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करू शकतात. दर साखरेच्या उताऱ्यावर ठरतो, म्हणजे उसाच्या वजनाच्या किती टक्के साखर निघाली त्यावर. आणि तो उतारा कोणत्या हंगामाचा धरायचा, यावरच वाद झाले. राज्य सरकारने २१ फेब्रुवारी २०२२ रोजी शासन निर्णय काढून एफआरपीची रक्कम टप्प्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. निर्णय निघाल्यापासून तो रद्द होईपर्यंत तीन वर्षे गेली. या काळात ज्याच्या उसाचे पैसे मागे राहिले असतील, त्याला पंधरा टक्के व्याजाचा हिशेब मांडून देणारा, त्याच्या भाषेत अर्ज लिहून देणारा आणि तो अर्ज पुण्याच्या साखर आयुक्तालयापर्यंत नेणारा जाणकार तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळाला पाहिजे. ऊस, सहकार, पाणीवाटप आणि भूसंपादन यांचे कायदे हे या प्रदेशाचे रोजचे कायदे आहेत. कंपन्यांचे विलीनीकरण आणि आंतरराष्ट्रीय लवाद, म्हणजे न्यायालयाबाहेर नेमलेल्या पंचांकडून होणारा तंटानिवाडा, यांच्याकडे ओढल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात त्यांना कोपऱ्यातले स्थान मिळते.

जिल्ह्यातील आणखी एक उदाहरण ध्यानात घेण्याजोगे आहे. या विधानमंडळाने १९७३ साली पंढरपूर मंदिरे अधिनियम संमत करून विठ्ठल-रुक्मिणी मंदिरातील बडवे, उत्पात आणि इतर सेवेकऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क संपुष्टात आणले. परंतु त्या कायद्याविरुद्धचे वाद न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिले आणि सर्वोच्च न्यायालयात त्यांचा शेवट जानेवारी २०१४ मध्ये झाला. विधेयक संमत होणे आणि कायदा प्रत्यक्षात उतरणे यांत चाळीस वर्षांचे अंतर पडू शकते, हे पंढरपूरने शिकवले आहे. हातमाग व यंत्रमागाच्या सोलापूर शहराला भौगोलिक निर्देशांकाचा कायदाही जवळचा आहे. एखाद्या वस्तूचे नाव ती जेथे खरोखर बनते तेथील उत्पादकांसाठीच राखून ठेवणारा हा कायदा १९९९ सालचा असून सोलापुरी चादरीला आणि सोलापुरी टॉवेलला त्याचे संरक्षण मिळाले आहे. नोंदणी मिळाली तरी बाजारात नक्कल विकणाऱ्याला नोटीस कोण बजावणार आणि खटला कोण चालवणार, हा प्रश्न विणकराच्या आवाक्याबाहेरच राहतो.

येथे भाषेचा विषय येतो आणि तो थोडा विस्ताराने मांडणे आवश्यक आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद ३४५ राज्याला आपली राजभाषा ठरवण्याचा अधिकार देतो, तर अनुच्छेद ३४८ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाची आणि, अन्य व्यवस्था केलेली नसल्यास, उच्च न्यायालयांची कार्यवाही इंग्रजीत चालते. जिल्हा व तालुका न्यायालयांची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्र शासनाच्या २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. दावा, कैफियत म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, मनाई हुकूम, उलटतपास, हुकूमनामा आणि त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त, ही सारी शब्दसंपदा माळशिरस, पंढरपूर व बार्शीच्या न्यायालयांत रोज वापरली जाते. भाषा संचालनालयाने न्यायव्यवहार कोश तयार करून तिला शास्त्रशुद्ध आधार दिला. तरीही राष्ट्रीय विधि विद्यापीठांत अध्यापन इंग्रजीत होते आणि त्यांच्या प्रवेशासाठी २००८ पासून घेतली जाणारी सामायिक परीक्षा, जिला विद्यार्थी क्लॅट म्हणतात, तीही इंग्रजीतच होते. त्यामुळे मराठी माध्यमात बारावी झालेली, तर्कशक्तीने तल्लख असलेली मुलगी कायद्याच्या प्रश्नात नापास होण्याआधीच भाषेच्या चाळणीत गळते. याच्या उलट बाजूचे नुकसानही तितकेच मोठे आहे, कारण पाच वर्षे इंग्रजीत शिकून बाहेर पडलेल्या पदवीधराला सातबाऱ्यावरील फेरफार नोंद वाचता येत नाही किंवा साक्षीदाराच्या बोलीतील एका शब्दावर उलटतपास उभा करता येत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्या दर्जाला अर्थ यायचा असेल, तर न्यायाच्या पहिल्या पायरीवर बोलली जाणारी भाषा न्यायाच्या शिक्षणात दुय्यम राहू नये.

इंग्रजी हद्दपार करावी, असे येथे मुळीच सुचवायचे नाही. कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे उभे राहणाऱ्या वकिलाला इंग्रजीत अचूक युक्तिवाद करता आलाच पाहिजे आणि निकालपत्रे तो मूळ भाषेतच वाचणार. मागणी एवढीच आहे की नव्या विद्यापीठाच्या अधिनियमातच दोन भाषांचे माध्यम नमूद व्हावे, प्रवेशपरीक्षा मराठीतही देता यावी आणि मसुदालेखन व खटला चालवण्याचे प्रशिक्षण मराठीत अनिवार्य असावे. सोलापूरचे एक वैशिष्ट्य या बाबतीत उपयोगी पडेल. पूर्व भागातील पद्मशाली विणकर घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड कानी पडते आणि शहरात उर्दूच्या स्वतःच्या शाळा व वाचनालये आहेत. चार भाषांतील पक्षकारांचे म्हणणे ऐकून ते न्यायालयाच्या भाषेत नेमकेपणाने मांडायला शिकवण्यासाठी याहून योग्य शहर राज्यात शोधावे लागेल.

आता खर्चाच्या कलमाकडे वळता येईल. विद्यापीठ पहिल्या कलमाने जन्माला येते आणि खर्चाच्या कलमावर जगते, ही गोष्ट सभागृहातील चर्चेत अनेकदा मागे पडते, कारण नावावर, ठिकाणावर आणि कुलपती कोण असावा यावर बोलण्यात वेळ जातो. ज्या विधेयकामुळे राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे करांसह राज्याचा सर्व महसूल व कर्जे ज्यात जमा होतात त्या निधीतून, खर्च होणार असेल, ते अनुच्छेद २०७ प्रमाणे राज्यपालांची शिफारस असल्याखेरीज सभागृहाला संमत करता येत नाही. अशा विधेयकाला वित्तीय ज्ञापन जोडले जाते आणि खर्चाचा अंदाज त्यात द्यावयाचा असतो. हे ज्ञापन विधेयकाबरोबर छापले जाते, परंतु अधिनियमाचा भाग होत नाही. त्यामुळे त्यातील आकडा सरकारला पुढच्या वर्षी बांधत नाही. पुढच्या वर्षी किती रक्कम द्यायची हे त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ठरते आणि तेथे विधि विद्यापीठाची मागणी रस्ते, पाणी, कर्जमाफी व वेतन आयोग यांच्या रांगेत शेवटी उभी राहते. राष्ट्रीय विधि विद्यापीठांचा देशभरातील अनुभव असा आहे की राज्य जमीन देते, प्रारंभीचे अनुदान देते आणि पुढे संस्थेने शुल्कावर तग धरावा अशी अपेक्षा ठेवते. परिणामी वर्षाचे शुल्क, वसतिगृह व भोजन मिळून काही लाखांच्या घरात जाते आणि कायद्याने स्थापन झालेली सार्वजनिक संस्था खासगी संस्थेच्या भावाने शिकवू लागते.

या राज्यातही इमारतीच्या बाबतीत हेच घडले. मुंबईच्या विधि विद्यापीठाला पवईतील दूरध्वनी निगमाच्या प्रशिक्षण केंद्राच्या इमारतीत वर्ग भरवावे लागले आणि नागपूरच्या विद्यापीठाची सुरुवात न्यायिक अधिकारी प्रशिक्षण संस्थेच्या आवारात झाली. वारंगा येथे स्वतःचे संकुल त्याला नंतर मिळाले. जिद्दीच्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी उसन्या छपराखाली उत्तम काम केले, परंतु ती त्यांची थोरवी आहे, व्यवस्थेची नव्हे. स्थापनेचा दिवस आणि स्वतःच्या भिंती यांत अंतर पडते तेव्हा ते विद्यार्थ्यांच्या एकेका पिढीच्या वाट्याला येते.

पैसा थांबला की काय होते, याचे अतिशय कठोर उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात घडले. वर्णभेदाच्या काळात, १९४९ साली, तेथे फ्लोरिडा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या सार्वजनिक विद्यापीठात कायद्याचे विद्यालय स्थापन झाले. पुढे त्याच टॅलाहासी शहरात, मुख्यतः गोऱ्या विद्यार्थ्यांच्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात, १९६६ साली नवे कायदा विद्यालय सुरू झाले, जुन्याचे प्रवेश बंद करण्यात आले, निधी वळवला गेला आणि १९६८ मध्ये शेवटची तुकडी बाहेर पडून त्याची दारे लागली. ते पुन्हा उघडण्यासाठी राज्याच्या विधिमंडळाला २००० साली नव्याने कायदा करावा लागला आणि ऑरलँडो शहरात वर्ग भरू लागले ते २००२ मध्ये. चौतीस वर्षे ज्या समाजाला आपले वकील स्वतःच्या विद्यालयात घडवता आले नाहीत, त्याचे नुकसान कोणत्याही पुरवणी मागणीने भरून निघाले नाही. तेथे पूर्वग्रह होता आणि येथे बहुधा केवळ दुर्लक्ष असेल. परंतु शिक्षणसंस्था निधीअभावी संपते तेव्हा दोहोंचा परिणाम सारखाच होतो.

यावर उपाय भारतीय राज्यघटनेतच आहे. राज्याच्या अर्थसंकल्पातील खर्चाचे दोन प्रकार असतात. दत्तमत खर्चावर विधानसभा मतदान करते. भारित खर्चावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही, आणि म्हणून तो दरवर्षीच्या ओढाताणीपासून सुरक्षित राहतो. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन अशा भारित खर्चात मोडते. अनुच्छेद २०२ च्या तिसऱ्या खंडात भारित खर्चाच्या बाबी दिल्या आहेत आणि त्यांत विधानमंडळ कायद्याने ज्याला भारित ठरवील असा कोणताही अन्य खर्च, हीदेखील एक बाब आहे. सोलापूरच्या विधि विद्यापीठाच्या मंजूर अध्यापकपदांचे वेतन आणि गरजू विद्यार्थ्यांच्या शुल्कमाफीची रक्कम या दोन बाबी अधिनियमातच भारित खर्च म्हणून जाहीर कराव्यात. विधानसभेने आपल्या मतदानाच्या अधिकारातला एक लहानसा तुकडा स्वेच्छेने बाजूला ठेवावा, ही मागणी मोठी आहे, हे मान्यच केले पाहिजे. न्यायाधीशांच्या स्वातंत्र्यासाठी जर हे संरक्षण आवश्यक मानले गेले, तर ज्यांच्यातून उद्याचे न्यायाधीश येणार त्यांच्या शिक्षणासाठी त्याचा एक अंश मागणे अवाजवी ठरू नये. उर्वरित खर्च दत्तमत राहावा, त्याचा हिशेब भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी तपासावा आणि अहवाल सभागृहापुढे ठेवला जावा.

या मागणीला कायद्याचे पाठबळही आहे आणि ते महाराष्ट्राच्याच एका खटल्यातून मिळाले आहे. महाराष्ट्र राज्य विरुद्ध मनुभाई प्रागजी वशी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरवले की इतर विद्याशाखांच्या खासगी महाविद्यालयांना अनुदान देणाऱ्या राज्याने मान्यताप्राप्त खासगी विधि महाविद्यालयांना ते नाकारणे भेदभावाचे आहे. त्यासाठी न्यायालयाने जीविताचा हक्क सांगणारा अनुच्छेद २१ आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३९-अ एकत्र वाचले. गरिबाला विनामूल्य विधि साहाय्य मिळाले पाहिजे असे ३९-अ सांगतो, आणि जेथे चांगले वकीलच परवडण्याजोग्या शिक्षणातून घडत नाहीत, तेथे विधि साहाय्याचे वचन कागदावर राहते, असा त्या विचाराचा रोख आहे. म्हणूनच नव्या विद्यापीठाचा पैसा जुन्या महाविद्यालयांच्या तोंडचा घास काढून येता कामा नये. अनुदानावर त्यांचा हक्क स्वतंत्र आहे.

वकील आधीच फार झाले, हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. वकिलीची सनद असणाऱ्यांची संख्या मोठी असेलही. ऊसदराचा हिशेब, भूसंपादनाची भरपाई, विडी कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी अशा प्रकरणांत गरिबाच्या बाजूने तयारीने उभा राहणारा वकील मात्र विरळाच आढळतो आणि उणीव त्याची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. ती अट न्यायदानासाठी योग्य असू शकते, परंतु ज्याच्या घरात वकिलीची परंपरा नाही आणि ज्याच्यामागे मिळकत नाही, त्या पदवीधराने ही तीन वर्षे कशी काढावीत, याचे उत्तर त्या अटीत नाही. विद्यापीठाने तालुक्याच्या न्यायालयांशी जोडलेली विधि साहाय्य केंद्रे चालवली आणि तेथे काम करणाऱ्या तरुण वकिलांना तीन वर्षे विद्यावेतन दिले, तर पक्षकाराला वकील मिळेल आणि न्यायव्यवस्थेला वेगळ्या घरांतून आलेले न्यायाधीश मिळतील. सुशीलकुमार शिंदे यांनी आपल्या उमेदीच्या काळात सोलापूरच्या सत्र न्यायालयात नोकरी केली आणि ते पुढे राज्याचे मुख्यमंत्री झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. तसा मार्ग अपवादात्मक कर्तृत्वावर अवलंबून राहू नये, म्हणून संस्था लागतात.

विद्यापीठ कोल्हापुरात, सर्किट बेंचजवळ असावे, असे काहींना वाटेल आणि त्या मताचा आदर राखूनही असे म्हणावेसे वाटते की कायद्याच्या विद्यार्थ्याला उच्च न्यायालयापेक्षा जिथे साक्षीपुरावा नोंदवला जातो ते न्यायालय अधिक शिकवते. सहा जिल्ह्यांतील सर्व काही एकाच शहरात गोळा होऊ नये, हा विचारही आहेच. सोलापूरला २००४ पासून स्वतःचे, आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने चालणारे, विद्यापीठ आहे आणि शेजारच्या विद्याशाखांचा आधार विधि विद्यापीठाला तेथे पहिल्या दिवसापासून मिळू शकेल. तरीही ठिकाणावरून दोन जिल्ह्यांत ओढाताण होऊन विधेयकच रखडणार असेल, तर सोलापूरने हट्ट सोडावा. भाषेचे आणि खर्चाचे कलम मात्र सोडू नये.

महाराष्ट्रात कायद्याच्या सार्वजनिक शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईचे शासकीय विधि महाविद्यालय १८५५ साली सुरू झाले, ते आशियातील सर्वांत जुने कायदा विद्यालय मानले जाते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ पासून काही वर्षे त्याचे प्राचार्य होते. सरकारने चालवलेल्या, सामान्यांना परवडणाऱ्या त्या एका दाराची परंपरा पावणेदोनशे वर्षांच्या जवळ आली, तरी भीमा-नीरेच्या खोऱ्यात तिची दुसरी संस्था झाली नाही.

सदस्यांनी हे विधेयक येत्या अधिवेशनात मांडावे. शासनाने पुढाकार घेतला नाही, तर सहा जिल्ह्यांतील सदस्यांनी पक्षभेद बाजूला ठेवून ते अशासकीय विधेयक म्हणून द्यावे आणि अनुच्छेद २०७ खालील शिफारशीसाठी राज्यपालांकडे एकत्रित विनंती करावी. विधेयकाची प्रत हाती येईल तेव्हा कृपया सर्वप्रथम शेवटची पाने उघडावीत, वित्तीय ज्ञापन वाचावे, त्यातील रक्कम अधिनियमाच्या कोणत्या कलमाने बांधली आहे ते पाहावे, आणि तसे कलम नसेल तर दुरुस्ती सुचवल्याशिवाय मत देऊ नये.



एक नागरिक
श्रीपूर, तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर